दाढेचे बधिरीकरण : 'यश' या शब्दाची चिकित्सा

सुजलेल्या, ठणकणाऱ्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल करताना भुलीचे इंजेक्शन अनेकदा अपुरे पडते, ही गोष्ट दंतवैद्यकात सर्वमान्य आहे. या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यात १२३ अभ्यासांचा समावेश आहे. मागच्या दातांतील मज्जेचा दाह पूर्ववत होण्यापलीकडे गेला असता २ टक्के लिग्नोकेनने १०० पैकी सुमारे ३१, तर ४ टक्के आर्टिकेनने सुमारे ४९ रुग्णांत यश येते, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष चार अभ्यासांतील अवघ्या २०३ रुग्णांवर आधारलेला असून त्याचा पुरावा कमी विश्वासार्ह आहे, हे आढावाकारांनी स्वतःच नोंदवले आहे. हा प्रामाणिकपणा प्रशंसनीय होय. तथापि आकड्यांच्या आधी येणारा 'यश' हा शब्दही तपासून घेणे अगत्याचे आहे.

या क्षेत्रातील बऱ्याच अभ्यासांत वेदना मोजण्यासाठी हेफ्ट आणि पार्कर यांनी १९८४ साली मांडलेली पट्टी वापरली जाते. १७० मिलिमीटरच्या रेषेवर वेदनेचे शब्द चढत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि रुग्णाने त्यावर खूण करायची असते. खूण ५४ मिलिमीटरच्या आत पडली की वेदना 'सौम्य' ठरते आणि इंजेक्शन 'यशस्वी' समजले जाते. म्हणजे यश याचा अर्थ वेदना नसणे असा नाही. वेदना थोडी असणे, असाही आहे. आकडा वाचणाऱ्याच्या लक्षात ही गोष्ट क्वचितच येते.

दुसरा प्रश्न भाषेचा. सौम्य टप्प्यात मूळ इंग्रजीत तीन शब्द आहेत. त्यांना मराठीत 'किंचित', 'क्षीण', 'सौम्य' असे पर्याय देता येतील. उर्दूत 'मामूली', 'ख़फ़ीफ़', 'हल्का'. पण क्षीण वेदना अधिक की सौम्य, मामूली दर्द अधिक की हल्का, याचे एकमताने उत्तर कोणताही भाषिक देऊ शकणार नाही. शिवाय आपल्याकडचा रुग्ण वेदनेचे प्रमाण सांगत नाही, प्रकार सांगतो. ठणका, कळ, सणक, शिवशिव; किंवा टीस, चुभन, झनझनाहट. बेळगाव किंवा हैदराबादच्या दवाखान्यात हेच शब्द ऐकू येतात. क्षणभर आलेली तीव्र कळ रेषेवर नेमकी कोठे बसवायची?

तिसरा मुद्दा स्पष्टीकरणाचा. दाहामुळे ऊती आम्लधर्मी होतात आणि औषधाचा मज्जातंतूत शिरू शकणारा अंश घटतो, असे सर्रास सांगितले जाते. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन जबड्याच्या मागील भागात, म्हणजे दाहापासून दूर दिले जाते. तेथे आम्लतेचा प्रभाव कसा पोहोचणार? म्हणूनच दाहाने मज्जातंतूंमध्येच बदल होतो आणि लिग्नोकेनला कमी दाद देणाऱ्या सोडियम-वाहिन्या वाढतात, या स्पष्टीकरणाकडे संशोधकांचा कल आहे. ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली, हा समजही त्यामुळेच फसवा ठरतो. थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा दाढेला लावून पाहिल्यास अधिक भरवशाची माहिती मिळते.

या सर्व चर्चेचा संबंध अखेर खुर्चीत बसलेल्या माणसाशी आहे. ओठ सुन्न असूनही 'दुखतंय' म्हणणाऱ्या रुग्णाला भित्रा ठरवले जाते. एकदा असा अनुभव आला की तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. गोळ्यांवर दिवस काढतो आणि शेवटी दाढ गमावतो. वास्तविक त्याची तक्रार शास्त्राला धरूनच आहे. दाढेच्या बाजूच्या हिरडीत, दाताभोवतीच्या बंधात किंवा हाडात पूरक इंजेक्शन देण्याचे उपाय उपलब्ध आहेत. मात्र ते योजण्यासाठी आधी रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

आपल्याकडील दंत महाविद्यालयांतून या विषयावर संशोधन होत असते. अशा संशोधकांनी दोन पथ्ये पाळावीत. मुळीच वेदना न झालेल्या रुग्णांची संख्या वेगळी द्यावी. आणि रुग्णापुढे त्याच्या भाषेतील कोणते शब्द ठेवले, ते निबंधात जसेच्या तसे छापावे. त्याशिवाय ३१ आणि ४९ या आकड्यांमधील अंतर औषधाचे किती आणि शब्दांचे किती, हे वाचकाला ठरवता येणार नाही.