हरवलेल्या रानाचे पत्ते

‘वाइल्डवुड टॅरो’ हा ७८ पत्त्यांचा संच २०११ साली निघाला. कल्पना मार्क रायन आणि जॉन मॅथ्यूज यांची, चित्रे विल वर्दिंग्टन यांची. त्याआधी १९९६ मध्ये रायन यांनी चेस्का पॉटर यांच्यासोबत ‘ग्रीनवुड टॅरो’ केला होता, त्याचाच हा पुढचा अवतार. रायन हे नट. १९८०च्या दशकातल्या ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ या ब्रिटिश मालिकेत ते नासिर झाले होते. हे सांगण्याला कारण आहे. त्या मालिकेतला रॉबिन ‘हूडेड मॅन’ म्हणून ओळखला जाई आणि संचातला एकांतवासी साधूचा पत्ता नेमका त्याच नावाचा आहे. छड्या आणि तलवारी जाऊन त्यांच्या जागी धनुष्ये आणि बाण आले आहेत. माझ्या मते या संचात ड्रुइडांपेक्षा रॉबिन हूडच जास्त आहे.

तरीही संचाचा सगळा डौल प्राचीनतेचा. आपल्याकडचे टॅरो वाचकही ‘प्राचीन केल्टिक ज्ञान’ हे शब्द सहज वापरतात. ते तपासून पाहिले तर हाती फार थोडे लागते. ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत आणि ती शिकायला काहींना वीस वर्षे लागत, हे आपल्याला सीझर सांगतो. ओकवरचे बांडगूळ सोन्याच्या विळ्याने कापण्याचा विधी प्लिनी सांगतो. दोघेही रोमन, म्हणजे बाहेरचे. संचाचा कणा असलेले आठ सणांचे वर्षचक्र आजच्या रूपात १९५०च्या दशकात जुळवले गेले. टॅरो हा तर पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला खेळ. त्यात गूढविद्या शोधली ती १७८१ मध्ये कूर द जेबेलँ यांनी आणि तीही इजिप्तची! पत्ते मांडण्याची ‘केल्टिक क्रॉस’ ही लोकप्रिय रीत प्राचीन म्हणून छापली ए. ई. वेट यांनी, १९१० मध्ये. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची, पत्त्यापत्त्यावर देव रंगवलेले. तरी तिला आपण खेळच म्हणत आलो.

नावातच असलेल्या ‘वाइल्डवुड’ची गंमत तर याहून मोठी आहे. माणसाचा हात लागण्याआधीचे आदिम अरण्य या अर्थाने हा शब्द ऑलिव्हर रॅकहॅम या वनेतिहासकाराने रुळवला. त्याच्याच अंदाजाने इ. स. पूर्व ५००च्या सुमारास निम्म्या इंग्लंडमधून ते नाहीसे झाले होते. सीझरने ज्यांच्याविषयी ऐकले ते ड्रुइड त्यानंतर चारशे वर्षांनी होऊन गेले. त्यांच्या भोवताली शेते होती, कुरणे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये जमिनीच्या जेमतेम पाच टक्के झाडी उरली होती. आज लागवड धरून तेरा टक्क्यांच्या आसपास आहे.

एवढे सांगून संच बाजूला ठेवता आला असता. पण वर्दिंग्टन यांची चित्रे ठेवू देत नाहीत. राजा, राणी, सरदार, हुजऱ्या या सोळा पत्त्यांवर माणसे नाहीत, प्राणी आहेत. पात्रांच्या रंगात पाणमांजर, वाम, सामन मासा आणि बगळा. बाणांचा राजा खंड्या. हे आजही ब्रिटनच्या नद्यांवर दिसतात. मग येतात शिळा, म्हणजे हिवाळ्याचा, जमिनीचा रंग. त्यात हुजऱ्या लिंक्स, सरदार घोडा, राणी अस्वल, राजा लांडगा. यातले घोडा सोडून तिघेही ब्रिटनच्या रानातून कित्येक शतकांपूर्वी संपले. लांडगा तर माणसाने ठरवून मारला.

संचाचा खरा ऐवज मला इथे सापडतो आणि माझी तक्रारही इथेच आहे. पत्त्यावर लांडगा आणि खंड्या यांत काही फरक नाही. दोघेही सारखेच समर्थ, दोघेही जणू बोलावल्यावर येणारे मार्गदर्शक. ज्याला आपणच संपवले त्याच्याकडे सल्ला मागायचा, तर निदान तो संपला आहे हे पत्त्यावर कुठेतरी उमटायला हवे होते. प्राचीनतेच्या हव्यासात हे राहून गेले. चित्रकाराची नजर एवढी बारीक की लांडग्याला बघताना तो समोर उभा आहे असे वाटते. त्यामुळे ही उणीव अधिकच बोचते.

मी या संचातून भविष्य पाहत नाही. सोळा प्राणी टेबलावर रंगानुसार मांडतो आणि आज ब्रिटनच्या रानात नसलेले उचलून बाजूला ठेवतो. बाकीच्या तिन्ही ओळी भरलेल्या राहतात. शिळांच्या ओळीत एकटा घोडा उरतो, तोही दावणीचा.