डबीतला षड्ज

संगीतसमीक्षक व्हायला काय लागतं ते मला ठाऊक नाही. पण गवयाच्या मागे बसून तंबोरा छेडण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. मैफिलीत सगळ्यांना गवयाचा चेहरा दिसतो, मला त्याची मान दिसायची. समेला चुकला की गवयाचा चेहरा हसतो आणि मान लाल होते. तेवढ्या अधिकारावर आज एका वादात तोंड घालतो. वाद असा : खरा तंबोरा श्रेष्ठ, की विजेवर चालणारी ती डबी?

आधी तंबोऱ्याचे दोष सांगतो, कारण ते मी खांद्यावरून वाहिले आहेत. वाद्य जवळजवळ माणसाएवढं. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला करत मिरजेला जाणाऱ्या एस.टी.त हे पाच फुटी बाळ मांडीवर घेऊन बसलं की कंडक्टर विचारतो, "काय मालक, ह्याचं अर्धं काढू का फुल?" बरं, नेऊन पोचवलं तरी ते सुरात राहील याची हमी नाही. मार्च ते जून सोलापुरात माणसाचं डोकं जागेवर राहत नाही, तिथे तारा कशा राहणार? आत लावलेला पंचम स्टेजवर येईपर्यंत घसरलेला असतो. मग गवई खुंट्या पिळतो आणि श्रोते घड्याळं बघतात.

यातली गंमत अशी, की मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पिकतो आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे. म्हणजे भोपळा आमचा आणि कीर्ती मिरजेची! २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला. आमच्या वाट्याला पुन्हा भोपळाच. पण तक्रार नाही. मिरजेचे शिकलगार म्हणजे मुळात तलवारींना धार लावणारी मंडळी. तलवारींचे दिवस सरले, तशी ती वाद्यांकडे वळली. काळ बदलला म्हणून ती रडत बसली नाहीत, हे या वादात ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता डबी. बंगळूरच्या जी. राज नारायण या इंजिनियरनं १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला. गृहस्थ स्वतः बासरीवादक, त्यामुळे साथीला माणूस न मिळण्याचं दुःख त्यांना ठाऊक असणार. डबी पिशवीत मावते, चहा मागत नाही, डुलक्या काढत नाही. (मी दोन्ही करत असे.)

आवाजाचं म्हणाल, तर खऱ्या तंबोऱ्यात षड्जाची तार छेडली की कुणीच न लावलेला गंधार ऐकू येतो. त्यात चमत्कार नाही. तार अख्खी थरथरते, तसे तिचे दोन, तीन, चार, पाच भागही आपापले थरथरत असतात. पाचव्यातून निघतो तो गंधार. घोडीच्या रुंद माथ्यावर तारेखाली दोऱ्याचा धागा नेमक्या जागी सरकवला की ही वरची मंडळी खुलून बोलू लागतात. तीच जवारी. सुरुवातीच्या डब्या सगळा आवाज सर्किटातून काढत. तो ऐकून तंबोऱ्याला पडसं झाल्यासारखं वाटे. पुढे खऱ्या तंबोऱ्याचेच मुद्रित केलेले सूर डबीत आले, आणि मग माझ्यासारख्यांची पंचाईत झाली. एका मैफिलीत मी डोळे मिटून म्हणालो, "वा! काय जवारी काढलीय!" शेजाऱ्यानं कोपरखळी मारली. गवयाच्या गुडघ्यापाशी डबी वाजत होती. मागच्या दोन मुली तंबोऱ्यावरून नुसती बोटं फिरवत होत्या. समीक्षा ही डोळे उघडे ठेवून करायची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबाच्या देशात हाच तंटा गिटारवाल्यांचा आहे. आपल्या जुन्या रेडिओत असत तसले व्हॉल्व्ह असलेले ॲम्प्लिफायर ते वापरतात. त्यांतला व्हॉक्सचा एसी-३० तीस किलोच्या वर भरतो. आवाज वाढवला की व्हॉल्व्ह दमतो आणि सूर हळूहळू, कडा गोलावत फाटतो. लोक त्या दमण्यावरच भाळले. १९९८ साली अमेरिकेतल्या लाईन सिक्स कंपनीनं राजम्याच्या दाण्याच्या आकाराची लाल डबी काढली, तिच्यात अशा कित्येक ॲम्प्लिफायरांच्या नकला भरल्या. म्हणजे दोष घालवायला नव्हे, ते हुबेहूब उतरवायला संगणक राबू लागला! तिथेही ऐकणारा म्हणतो, "जुनं ते सोनं," आणि वाजवणारा म्हणतो, "मग जिना चढवताना एक बाजू धर."

आमच्या बुवांनी मला नेमकं हेच ऐकवलं. त्यांच्याकडे मी सोळाव्या वर्षी गेलो. गळा ऐकून ते म्हणाले, "तू तंबोरा धर." सहा वर्षं धरला. गायला शिकलो नाही, ऐकायला शिकलो. मग बँकेची नोकरी, बदल्या, संसार. परत येऊन बघतो तर बुवांच्या खोलीत तंबोरा खोळीत आणि डबी चालू. मी तावातावानं म्हणालो, "बुवा, माणसाच्या जागी यंत्र?"

बुवा शांतपणे म्हणाले, "उद्यापासून पहाटे पाचला येतोस? आत्ता बंद करतो."

बँक साडेदहाला उघडायची, त्यामुळे ती सबब चालण्यासारखी नव्हती. मी म्हणालो, "बघतो." ते 'बघतो' अकरा वर्षं चाललं. बुवा गेले त्या सकाळीही डबी वाजत होती. काकूंनी मला एवढंच विचारलं, "अरे, ही बंद कुठून करायची?" मलाही पटकन बटण सापडलं नाही.

तेव्हा डबीवर टीका करायला मी बसलो खरा, पण तिच्या नावावर लिहिण्याजोगा गुन्हा सापडत नाही. तिच्यामागे बसून कुणी ऐकायला शिकत नाही, हे खरं. पण मागची जागा तिनं कुणाला उठवून घेतली नव्हती. रिकामी होती, म्हणून घेतली.

बुवांचा तंबोरा काकूंनी मला दिला. शेजारची मुलगी मोबाईलमधला तानपुरा लावून रियाज करते. परवा मी हळूच म्हणालो, "मागे बसू का तंबोरा घेऊन?"

"कशाला काका? फोन आहे ना," ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला आणि तानपुरा तोंडात मारल्यासारखा गप्प झाला. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "बसा. पण पहाटे साडेपाचला हं."

जवारी पार उतरली आहे. रविवारी मिरजेला निघालोय. कंडक्टर म्हणेल ते तिकीट काढायची तयारी आहे.