युनिक्ससदृश कार्यप्रणालींमधील फाइल प्रणालीची ओळख : एक चिकित्सा

प्रस्तावना :
चकतीवरील माहिती ही मुळात बाइटांची केवळ सलग रांग असते. तिला फाइल, निर्देशिका व मालकी हा अर्थ फाइल प्रणालीमुळे प्राप्त होतो. युनिक्ससदृश कार्यप्रणालींत अनेक फाइल प्रणाली एकाच वृक्षात जोडल्या जातात. त्यामुळे 'ही प्रणाली कोणती?' हा प्रश्न प्रोग्रामपुढे वारंवार उभा राहतो. उत्तर चुकल्यास वापरकर्त्याची माहिती धोक्यात येते. प्रस्तुत लेखात लिनक्सच्या आधारे या ओळखपद्धतींची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
येथे दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ होते. न जोडलेल्या विभाजनावर काय लिहिले आहे, हा पहिला प्रश्न. जोडलेल्या प्रणालीविषयी कर्नेल काय सांगते, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी लिबब्लकआयडी हे ग्रंथालय ठरावीक स्थानी खुणा शोधते. ईएक्सटी कुळात सुपरब्लॉक १०२४ बाइटांनंतर सुरू होतो व त्यात ५६ बाइट पुढे षोडशमान ईएफ५३ हा अंक असतो. एक्सएफएसची चार अक्षरी खूण अगदी आरंभीच असते. स्थाने भिन्न असल्याने नवी प्रणाली तयार केल्यावरही जुनी खूण शिल्लक राहू शकते. परस्परविरोधी खुणा आढळल्यास हे ग्रंथालय सुरक्षित तपासणीत उत्तर नाकारते. हा नकार दोष नसून गुण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण चुकीच्या उत्तरापेक्षा मौन कमी घातक असते. फॅटची स्थिती याहून निराळी आहे. तिच्या विनिर्देशानुसार प्रकार केवळ क्लस्टरसंख्येवरून ठरतो : ४०८५ हून कमी असल्यास फॅट१२, ६५५२५ हून कमी असल्यास फॅट१६, अन्यथा फॅट३२. आरंभखंडात लिहिलेले नाव प्रमाण मानावयाचे नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्टॅटएफएस ही प्रणाली-हाक एका अंकाने देते. मात्र ईएक्सटी२, २००१ मधील ईएक्सटी३ व २००८ मध्ये स्थिर झालेली ईएक्सटी४ या तिन्हींचा अंक एकच आहे. परिणामी जीएनयूची 'स्टॅट' आज्ञा ईएक्सटी४ लाही 'ईएक्सटी२/ईएक्सटी३' असे संबोधते. फ्यूजच्या बाबतीत संदिग्धता अधिक वाढते, कारण एकाच अंकामागे स्थानिक एनटीएफएस चकती असू शकते किंवा दूरचा सर्व्हरही. शिवाय पॉसिक्सच्या स्टॅटव्हीएफएसमध्ये प्रकाराचा रकानाच नाही.

तरीही अनेक प्रोग्राम प्रकारावरून क्षमतेचे अनुमान करतात. जीएनयूची 'टेल' आज्ञा फाइलवर सतत लक्ष ठेवताना प्रकार स्थानिक की दूरस्थ हे अंतर्गत यादीत पाहते. प्रकार अनोळखी निघाल्यास ती ठरावीक अंतराने फाइल पुन्हा तपासू लागते. म्हणजेच प्रत्येक नव्या फाइल प्रणालीनंतर ही यादी वाढवावी लागते.

नावाची कमाल लांबी किंवा दुव्यांची मर्यादा पाथकॉन्फ थेट सांगते. तेथे प्रकार विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. अर्थात फाइल दूरस्थ आहे काय, याचे उत्तर पाथकॉन्फ देत नाही. त्यामुळे 'टेल'ची यादी ही केवळ लेखकांची निष्काळजी नसून इंटरफेसमधील उणिवेचेही निदर्शक ठरते.

समारोप :
चकतीवरील खूण हा पुरावा आहे, निर्णय नव्हे. आणि कर्नेलने दिलेला अंक हे कुलनाम आहे, व्यक्तिनाम नव्हे. म्हणून प्रोग्रामने शक्य तेथे प्रकाराऐवजी क्षमता विचारावी व पुरावा संदिग्ध असल्यास चकतीवर काहीही लिहू नये, हा या चिकित्सेचा निष्कर्ष होय.