भयानक रसाची पुरवणी

मूळ कृतीला पुरवणी जोडण्याची प्रथा आपल्या वाङ्मयाला नवी नाही. हरिवंशाला परंपरेने महाभारताचे ‘खिल’ मानले आहे. खिल म्हणजे मागाहून पूर्तीसाठी जोडलेला भाग. महाभारतातील श्रीकृष्ण आपल्याला भेटतो तो प्रौढ मुत्सद्दी, सखा आणि सारथी म्हणून. त्याच्या गोकुळातील बाललीलांचे सविस्तर आख्यान तेथे नाही. ते हरिवंशाने पुरविले. पुरवणीची कसोटी कोणती, याचे उत्तर या एका उदाहरणात सापडते. मुळात जे होते तेच अधिक प्रमाणात देणारी पुरवणी ही केवळ भर होय. मुळाने जे मोकळे ठेवले होते ते ओळखून भरणारी पुरवणीच सार्थ ठरते.

हीच कसोटी प्रस्तुत लेखात एका अपरिचित क्षेत्रातील कृतीस लावून पाहावयाची आहे. ‘डूम ३’ हा संगणकावरील भयप्रधान खेळ अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला, आणि ‘रिझरेक्शन ऑफ ईव्हिल’ हा त्याचा विस्तारखंड नर्व्ह सॉफ्टवेअर या संस्थेने तयार केला, तो २००५ साली आला. संगणकावर हा विस्तारखंड खेळावयाचा तर मूळ खेळ जवळ असावा लागे. म्हणजे रूढ अर्थाने ती पुरवणीच होती. हे खेळ प्रथमपुरुषी असतात. नायक पडद्यावर दिसत नाही. त्याचे डोळे ते खेळणाराचे डोळे, आणि पडद्याच्या तळाशी शस्त्र धरलेला हात दिसतो तो जणू खेळणाराचाच. मराठी व्याकरणातील ‘मी’ येथे सर्वस्वी सार्थ होतो.

अकादमीच्या पत्रिकेत अशा विषयाला स्थान का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य सुरतेस आहे. वस्त्रोद्योगाच्या निमित्ताने खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहतात, आणि महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून त्यांची मुले शिकतात. या मुलांच्या भयकल्पना दोन ठिकाणांहून येतात. एक डुमसचा समुद्रकिनारा. तेथील काळी वाळू, लगतचे स्मशान, आणि रात्री तेथे कोणीतरी ‘परत जा’ असे कुजबुजते ही सर्वतोमुखी असलेली आख्यायिका. दुसरे ठिकाण म्हणजे पडदा. पहिल्याविषयी आपण लोककथा म्हणून आदराने बोलतो. दुसऱ्याविषयी फक्त तक्रार करतो. वास्तविक दोहोंतही एकच भाव जागविला जातो, आणि तो कसा जागविला जातो हे पाहणे हे समीक्षेचे काम आहे.

भरतमुनींनी भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भूतपिशाचांचे दर्शन, ओसाड घर आणि अरण्य यांचा उल्लेख केला आहे. त्यांनी भयानकाचे तीन प्रकारही मानले: व्याजाने, म्हणजे बतावणीने, दाखविलेले भय, स्वतःच्या अपराधातून उपजणारे भय, आणि बाहेरच्या धाकाने उत्पन्न होणारे वित्रासितक भय. ही त्रिविध विभागणी पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

‘डूम ३’चे कथानक साधे आहे. बाविसाव्या शतकाच्या मध्यावर मंगळावरील एका कंपनीच्या संशोधनकेंद्रात, दूरस्थ ठिकाणी क्षणात जाण्याच्या प्रयोगांमुळे, नरकाचे द्वार उघडते. केंद्राचे कर्मचारी मरतात किंवा पिशाच होतात. आणि नुकताच रुजू झालेला एक अनाम सैनिक त्या ओसाड दालनांतून वाट काढतो. ओसाड घर, विकृत आवाज, भुते: भरतांची यादीच जणू पुरी केली आहे. परंतु यादी पुरी केल्याने रस निर्माण होत नाही. या खेळाचे खरे बळ एका लहानशा नियमात होते. अंधार गडद, आणि नायकाजवळ विजेची बत्ती आहे. मात्र बत्ती हातात असताना बंदूक हातात नसते, आणि बंदूक उचलली की बत्ती खाली जाते. पाहावयाचे की लढावयाचे, हा निर्णय प्रत्येक दाराशी नव्याने घ्यावा लागतो. जे दिसते त्याला मारता येत नाही आणि ज्याला मारावयाचे ते दिसत नाही, या कोंडीतून भय उपजते.

मर्ढेकरांनी लयीचे नियम सांगताना संवाद, विरोध आणि समतोल अशी मांडणी केली आहे. त्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रकाश आणि शस्त्र यांचा विरोध हे या कृतीचे लयतत्त्व होय. हा नियम अनेकांना जाचक वाटला. बंदुकीला बत्ती चिकटवून टाकण्याची सोय काही हौशी मंडळींनी लगोलग करून घेतली. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांची तक्रार रास्त होती. मंगळावर जाणाऱ्या सैनिकाला बंदुकीवर बत्ती बांधता येऊ नये हे असंभाव्य आहे. परंतु कलेतील संभाव्यता आणि व्यवहारातील संभाव्यता एकच नव्हेत. नाटकातील स्वगत शेजारच्या पात्राला ऐकू जात नाही हेही असंभाव्यच आहे. ते आपण मान्य करतो, कारण त्यावाचून नाटक उभे राहत नाही.

आता पुरवणीकडे वळावयाचे. मूळ कथेनंतर दोन वर्षांनी मंगळावर पुन्हा एक पथक पाठविले जाते. त्यातील एका सैनिकाला भूगर्भातील प्राचीन अवशेषांत हृदयाच्या आकाराची एक वस्तू सापडते. तिला स्पर्श होताच नरकाचे द्वार पुन्हा उघडते. ती परत मिळविण्यासाठी नरकातून तीन शिकारी येतात. त्यांपैकी एकेकाला मारले की त्या वस्तूत एकेक शक्ती उतरते: काळाची गती मंदावण्याची, एका ठोशात शत्रू लोळविण्याचे बळ देणारी, आणि काही क्षण अवध्य करणारी. शिवाय १९९४ च्या ‘डूम २’मधील दुनळी बंदूक नायकाला परत मिळाली आहे, आणि वस्तू दुरून उचलून फेकणारे ‘ग्रॅबर’ नावाचे एक नवे साधनही आहे.

ग्रॅबरची कल्पना उत्तम आहे, हे आरंभीच मान्य करावयास हवे. शत्रूने टाकलेला अग्निगोल त्याने हवेतच धरता येतो आणि उलट फेकता येतो. मात्र त्यासाठी पळून न जाता अग्नीसमोर उभे राहावे लागते. येथे साधनाने भय नाहीसे केलेले नाही, तर भयाला सामोरे जाण्याची रीत शिकविली आहे. मूळ कृतीच्या लयतत्त्वाशी ही भर सुसंगत आहे. बाकीच्या देणग्यांविषयी असे म्हणता येत नाही. काळ मंदावण्याची शक्ती हाती आली की अंधारातून अंगावर येणारे पिशाच संथ होते, निरखून पाहता येते, सावकाश मारता येते. अवध्यता लाभल्यावर तर भयाचा प्रश्नच उरत नाही. भयाचा आलंबनविभाव शाबूत आहे, उद्दीपने पूर्वीपेक्षा अधिक आहेत, पण आश्रय असलेला नायकच बदलला आहे; आणि आश्रय बदलला की रस बदलतो. पूर्वार्धातील भयानक पुरवणीत वारंवार रौद्राकडे आणि वीराकडे सरकतो तो यामुळे.

सामर्थ्यवान पात्राने भयकथा बिघडतेच, असा मात्र याचा अर्थ नव्हे. नारायण धारपांच्या समर्थकथा मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. अमानुष शक्तींना परतविणारा समर्थ हा पुरुष तेथे आहे, आणि तरीही त्या कथांत भय टिकते. याचे कारण असे की वाचक समर्थ होत नाही. तो संकटात सापडलेल्या सामान्य माणसाबरोबर राहतो, आणि समर्थांकडे साहाय्याच्या आशेने पाहतो. सामर्थ्य ‘तो’कडे असते, भय ‘मी’कडे. प्रथमपुरुषी खेळात ही सोय नाही. तेथे सामर्थ्य दिले की ते ‘मी’लाच मिळते, आणि भयाला राहण्यास घर उरत नाही. गद्यातील भयकथेला न भोगावे लागणारे हे बंधन या नव्या प्रकाराचे खास बंधन आहे, आणि पुरवणीच्या कर्त्यांनी ते पुरेसे ओळखलेले दिसत नाही.

एवढ्यावर थांबलो तर ‘शस्त्रे वाढली, भय घटले’ एवढाच निष्कर्ष हाती लागेल, आणि तो पुरवणीवर अन्यायकारक होईल. कारण तिच्या गाभ्यात मूळ कृतीत नसलेली एक कल्पना आहे. ते हृदय आपोआप चालत नाही. त्याला मृत माणसांचे आत्मे पुरवावे लागतात. वाटेत पडलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रेतांतून ते शोषून घेतले जातात, आणि मगच काळ मंदावतो. मूळ खेळातही आत्म्यांवर चालणारे एक अस्त्र होते, तो ‘सोल क्यूब’. परंतु मंगळावरील प्राचीन लोकांनी नरकाचे आक्रमण थोपविण्यासाठी आपल्याच आत्म्यांचे बलिदान करून तो घन घडविला होता. तेथे दान होते. पुरवणीत हिरावणे आहे. जे काल सहकारी होते त्यांचे उरलेले सत्त्व त्यांच्या संमतीवाचून खर्ची घालून नायक स्वतःला वाचवितो, आणि ज्या वस्तूच्या साह्याने तो हे करतो ती नरकातूनच आलेली आहे.

भरतांच्या विभागणीतील दुसरे भय, अपराधातून उपजणारे भय, येथे दाराशी उभे होते. मूळ खेळाने वित्रासितक भय इतक्या निष्ठेने हाताळले होते की त्याच वाटेने पुढे जाणे कठीणच होते. अपराधाची वाट मात्र मोकळी होती. बाहेरच्या अंधाराला भिणारा माणूस आता आपल्याच हाताला भिऊ लागला असता, तर हरिवंशाने जे केले ते या पुरवणीने आपल्या क्षेत्रात केले असते. तसे घडत नाही. प्रेताजवळ गेले की आत्मा मिळतो, जशी पेटी उघडली की काडतुसे मिळतात. दोहोंत भावनेचा फरक नाही. ज्याचा आत्मा घेतला त्याचे नाव नाही, त्याचा आवाज नाही, घेतल्याचा काही परिणाम पुढे भोगावा लागत नाही. मूळ खेळात मृतांच्या खिशातील यंत्रांवर त्यांची पत्रे वाचावयास मिळत, त्यांचे ध्वनिमुद्रित शब्द ऐकू येत. पुरवणीतही ते साधन उपलब्ध आहे. ज्याचे शब्द आपण आताच ऐकले त्याचाच आत्मा घ्यावा लागला असता, तर एवढ्या एका जोडणीने बीभत्सातून भयानक, आणि भयानकाच्या मागोमाग करुण उभा राहिला असता. सामग्री सर्व होती, फक्त ती एकत्र आणण्याचे राहिले.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही करमणुकीची वस्तू आहे. खेळणाराला वेग हवा होता, तो कर्त्यांनी दिला. तिच्याकडून नीतीची अपेक्षा का करावी? हा आक्षेप पोकळ नाही. परंतु अपेक्षा नीतीची नसून रसाची आहे. आत्मा शोषण्याची कल्पना कर्त्यांनीच योजिली. तिचा भार पेलावयाचा नव्हता तर ती केवळ सजावट ठरते, आणि भयानकात सजावट फार लवकर विटते. लोकरुचीच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०१२ साली मूळ खेळ आणि पुरवणी यांची एकत्रित सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा बत्ती नायकाच्या चिलखतावर बसविण्यात आली, आणि प्रकाश व शस्त्र एकाच वेळी वापरता येऊ लागले. तक्रार दूर झाली. तिच्याबरोबर ज्या विरोधावर कृती उभी होती तोही सैल झाला. पुरवणीने सामर्थ्य वाढवून जे आरंभिले, ते सुधारित आवृत्तीने बत्ती बांधून पुरे केले, असे म्हणावे लागते.

या विवेचनाचा शिक्षकांना उपयोग काय? २०१९ साली गुजरातेत ‘पबजी’ या खेळावर काही ठिकाणी पोलिसांनी बंदी घातली, आणि राजकोटला तो खेळणाऱ्या तरुणांना अटकही झाली. मुलांच्या अभ्यासाची काळजी त्यामागे होती, आणि ती खोटी नव्हती. परंतु बंदी हे मूल्यमापन नव्हे. मूल किती तास खेळले हा प्रश्न पालकांनी विचारावा. खेळताना त्याला कशाचे भय वाटले, आणि ते भय कोठे नाहीसे झाले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार भाषेच्या शिक्षकाचा आहे. डुमसची गोष्ट सांगणाऱ्या मुलाला आपण विचारतो, ‘पुढे काय झाले?’ त्याच मुलाला, ‘ज्याचा आत्मा तू घेतलास तो कोण होता?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळणार नाही. खेळाने ते त्याला सांगितलेलेच नाही. परंतु हे उत्तर असावयास हवे होते, एवढे जरी त्याच्या ध्यानात आले, तरी त्याच्या आस्वादाला डोळे फुटले असे समजण्यास हरकत नाही.