शौर्यपदकांचीं प्रशस्तिपत्रें : एक साधनचिकित्सा

ऐहोळे येथील रविकीर्तीची प्रशस्ति आपण शतवार तपासली. हर्षाच्या पराभवाचें वर्णन कितपत शब्दशः घ्यावें, कवीचा भाग कोणता व वृत्ताचा कोणता, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु गेल्या शंभर वर्षांत आपल्याच प्रांतांतील शिपायांवर सरकारी राजपत्रांतून ज्या प्रशस्ति लिहिल्या गेल्या, त्यांना ही कसोटी क्वचितच लागते. संग्राहक पदकावरील नांव वाचतो, राजपत्रांतील परिच्छेद उतरवून घेतो आणि चरित्र पुरें झालें असें समजतो. गौरवग्रंथांतूनहि तोच परिच्छेद मराठी पेहरावांत फिरत असतो. त्याची चिकित्सा म्हणजे वीराचा अवमान, ही समजूत आधीं दूर केली पाहिजे.

नायक यशवंत घाडगे यांचें प्रशस्तिपत्र पाहावें. हे माणगांव तालुक्यांतले. पलटण पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. स्थळ इटलींतील टायबर नदीचें वरचें खोरें. दिवस १० जुलै १९४४. तुकडींतील यच्चयावत् माणसें मशीनगनच्या माऱ्यानें ठार वा जखमी झालीं, नायक तेवढे उरले. त्यांनीं एकट्यानें धांव घेऊन हातबाँबनें तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली आणि नवें मॅगझीन चढविण्यास अवसर नसल्यानें बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्यानें ठार केलें. पुढें छातींत व पाठींत गोळ्या लागून ते तेथेंच पडले. आतां यांतील प्रत्येक वाक्याचें प्रामाण्य सारखें नाहीं. धांव, बाँब, हातघाई हें दुरून पाहणाऱ्यास दिसण्याजोगें आहे. परंतु ‘अवसर नसल्यानें’ हा हेतु झाला. ज्याच्या मनांतला तो हेतु, तो तर त्याच जागीं गेला. म्हणजे हें साक्षीदाराचें वचन नसून लेखनिकाचें अनुमान होय. तें बरोबरहि असेल, किंबहुना असावेंच. पण मीमांसकाच्या भाषेंत भूतार्थवाद निराळा व अनुमान निराळें. कृत्य त्यामुळें तसूभरहि कमी होत नाहीं.

शिपाई नामदेव जाधव यांचें प्रकरण याहून उद्बोधक आहे. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या बांधाखालीं जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं नेणें, हातास जखम झाल्यावर बंदूक टाकून केवळ बाँबवर तोफांचीं ठाणीं मोडणें, आणि शेवटीं बांधाच्या माथ्यावर उभें राहून मराठ्यांची रणघोषणा देत बाकीच्यांना हाक देणें, हें सर्व तपशीलवार आहे. वीर जिवंत राहिल्यामुळें त्याची स्वतःची साक्षहि मिळण्यासारखी होती. पण शेवटचें वाक्य पाहा: या कृत्यानें पलटणीस नदीपार पाय रोवतां आला व त्या भागांतील शत्रूचा प्रतिकार ढांसळला. ही शुद्ध फलश्रुति होय. त्याच दिवशीं त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, व त्यांच्याहि प्रशस्तीचा शेवट पलटणीच्या नदीपार होण्यानेंच होतो. त्या चढाईपूर्वीं विमानांचा व तोफांचा प्रचंड भडिमार झाला होता, त्याचा मात्र उल्लेख नाहीं. दानपत्राच्या शेवटीं साठ हजार वर्षें स्वर्गवास लिहिला म्हणून आपण दान खोटें ठरवीत नाहीं. तोच न्याय येथें.

रचनेचा दुसरा प्रकार सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या परमवीरचक्राच्या प्रशस्तींत दिसतो. कारवारकडील हे गृहस्थ १९४० सालीं बाँबे इंजिनिअर्समध्यें भरती झाले. ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत नौशहराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांसाठीं त्यांनीं सुरुंग काढले, अडथळे उडविले व वळणरस्ते तयार केले. ही प्रशस्ति तारीखवार, कित्येक ठिकाणीं तासवार आहे, जवळजवळ रोजनिशीच. अलंकार थोडे, पडताळ्यास जागा पुष्कळ. माझ्या मतें साधन म्हणून ही सर्वांत श्रेष्ठ. शिवाय राणे १९६८ पर्यंत नोकरींत राहून मेजर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे पदकाच्या दोहों बाजूंचें चरित्र उपलब्ध आहे. जाधव १९८४ पर्यंत हयात होते, परंतु ग्रंथांतून ते सेनिओच्या बांधावरून खालीं उतरतच नाहींत. घाडगे बाविसाव्या वर्षीं नायक होऊन तुकडी चालवीत होते, ही बढती त्यांना कशानें मिळाली, हें कोणी विचारीत नाहीं.

पलटणीची वंशावळ व माणसाची वंशावळ यांचीहि गल्लत होते. पहिलें परमवीरचक्र बडगामच्या लढाईबद्दल (३ नोव्हेंबर १९४७) चौथ्या कुमाऊंचे मेजर सोमनाथ शर्मा यांस मरणोत्तर मिळालें. ही पलटण मूळ १७८८ सालीं एलिचपूरच्या सलाबतखानानें उभारलेली, पुढें हैदराबाद कंटिन्जंटची, जिची छावणी आमच्या गोरेगांवाजवळच्या हिंगोलीसहि असे. म्हणून हा मान वऱ्हाडाचा वा मराठवाड्याचा असें सांगण्याचा मोह होतो. शर्मा कांगड्याचे होते, एवढें ध्यानीं घ्यावें.

आमच्याकडील वीरगळांवर लढाई कोरलेली असते, अप्सरा असतात, शिवपूजा असते. नांव बहुधा नसतें. व्हिक्टोरिया क्रॉसवर नांव पट्टीच्या पाठीशीं व तारीख क्रॉसच्या पाठीवर.  दोहोंमधली पोकळी भरून काढणारे कागद घरोघर आहेत: डिस्चार्जचें पुस्तक, पेन्शनचे हुकूम, मनीऑर्डरच्या पावत्या, छावणींतून दुसऱ्याच्या हातानें लिहविलेलीं पत्रें. संग्राहक पदकाची किंमत देतो व हें गाठोडें घरींच ठेवून येतो. पुढल्या दिवाळीच्या साफसफाईंत तें चुलींत जातें. इंग्रजी ग्रंथांत नामदेवांचें आडनांव कोठें जाधव तर कोठें जादव असें छापलें आहे. असल्या ठिकाणीं घरच्या कागदावरील एक बाळबोध सही राजपत्राहून अधिक प्रमाण होय. पदक घेणाऱ्यानें गाठोडेंहि मागावें, व विकत मिळत नसल्यास निदान नक्कल करून मूळ मालकाकडे परत द्यावें.