‘सरहद्द’ आणि ‘मायभूमी’ : बर्जर-अहवालातील प्रतिनिधित्वाचा प्रश्न

एखाद्या लहान समाजाच्या गरजा दुसऱ्याने मांडावयाच्या, म्हणजे बहुधा त्या समाजाची भाषा सोडून दुसऱ्याच भाषेत त्या मांडावयाच्या. मांडणारा कितीही सहृदय असला, तरी ज्या शासनापुढे गाऱ्हाणे न्यावयाचे त्या शासनाची परिभाषा त्याला पत्करावी लागते. आणि परिभाषा पालटली की गाऱ्हाण्याचे स्वरूपही थोडेबहुत पालटते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांचा १९७७ साली प्रसिद्ध झालेला अहवाल ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. ‘उत्तरेची सरहद्द, उत्तरेची मायभूमी’ असे त्याच्या नावाचे मराठी रूपांतर करता येईल. सरकारी कागद असूनही तो ग्रंथासारखा वाचला गेला, आणि आदिवासींच्या गरजांची नोंद कशी करावी ह्याचा वस्तुपाठ म्हणून आजही त्याचा निर्देश होतो. हा लौकिक रास्त आहे. मात्र तो सर्वांशाने रास्त आहे काय, हा प्रश्न उरतो.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे येथे १९६८ मध्ये तेलाचा व वायूचा मोठा साठा सापडला. तो वायू उत्तर यूकॉन ओलांडून मॅकेन्झी नदीच्या मुखाशी आणावा आणि तेथून नदीच्या खोऱ्याने दक्षिणेस न्यावा, अशी योजना निघाली. ह्या खोऱ्यात देने, मेती आणि इनुविआलुइत ह्या लोकांच्या विखुरलेल्या लहान वसाहती आहेत. वाहिनीस वाट द्यावयाची झाल्यास सामाजिक, आर्थिक व नैसर्गिक परिणामांच्या दृष्टीने कोणत्या अटी घालाव्या, एवढेच ठरविण्यासाठी मार्च १९७४ मध्ये बर्जर यांची नेमणूक झाली. म्हणजे आयोगापुढील प्रश्न मुळात अटींचा होता. बर्जर यांनी तो ह्या लोकांच्या भवितव्याचा प्रश्न केला. उत्तर यूकॉनमधून वाहिनी कधीच नेऊ नये, आणि मॅकेन्झी खोऱ्यात आदिवासींच्या भूमिहक्कांचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे ती थांबवावी, अशी त्यांची शिफारस होती.

अहवालाचे पहिले बळ त्याच्या श्रवणपद्धतीत आहे. येलोनाइफ येथे तज्ज्ञांच्या साक्षी व उलटतपासण्या झाल्या. त्याशिवाय आयोग ३५ गावांत आणि शहरांत गेला व त्याने सुमारे १,००० लोकांचे म्हणणे ऐकले. गावच्या सभागृहात म्हातारीकोतारी माणसे आपल्या भाषेत, आपल्या गतीने बोलली. त्या त्या दिवसाचा वृत्तान्त रेडिओवरून इंग्रजीबरोबर उत्तरेकडील भाषांतही सांगितला जाई. त्यामुळे एका गावचे बोलणे दुसऱ्या गावी पोचत असे. आदिवासी संघटनांना आपली बाजू मांडता यावी म्हणून द्रव्यसाहाय्यही देण्यात आले. ऐकावयाचे असेल तर बोलणाऱ्यास बोलण्याचे साधन पुरविले पाहिजे, हे तत्त्व येथे कृतीत उतरलेले दिसते. अहवालात शिकाऱ्याची साक्ष अर्थशास्त्रज्ञाच्या साक्षीशेजारी येते, आणि तिला शोभेचे स्थान न देता पुराव्याचे स्थान दिलेले असते.

दुसरे बळ शीर्षकातील दोन शब्दांत साठविलेले आहे. तीच भूमी दक्षिणेकडून पाहणाऱ्यास सरहद्द दिसते, तर तेथे राहणाऱ्यास मायभूमी. सरहद्द म्हटली की ती ओलांडावयाची, वसवावयाची, तिच्यातून काही काढून न्यावयाचे. तिला पूर्वीचा धनी नसतो. मायभूमी ह्या शब्दात धनीपण आधीच गृहीत आहे. मराठीत गरज, मागणी व हक्क ह्या तीन शब्दांत जो भेद आहे, तोच येथे प्रकट होतो. गरज दुसऱ्यास ठरविता येते आणि भागविताही येते. मागणी मान्य वा अमान्य करता येते. हक्क मात्र धारण करणाऱ्याचा असतो. शाळा, दवाखाने, नोकऱ्या ह्या गरजा वाहिनीबरोबर आपोआप भागतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद होता. साक्षीदार मात्र भूमीविषयी बोलत होते. निस्गा लोकांच्या भूमिहक्काच्या ज्या खटल्याचा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दिला, त्यात बर्जर हेच त्यांचे वकील होते. त्यामुळे हे बोलणे कोणत्या खात्यावर मांडावयाचे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आर्थिक प्रकरणात ही दृष्टी विशेष फलदायी ठरली आहे. बाजारात विकल्या गेलेल्या कातड्यांची किंमत तेवढी मोजली, तर शिकारीवरील अर्थव्यवस्था मरणपंथास लागली असे सिद्ध होते. परंतु घरी खाल्लेले हरणाचे मांस व मासे ह्या हिशेबात येतच नाहीत. तेवढेच अन्न दुकानातून आणावयाचे तर काय पडेल, असा प्रश्न करताच चित्र पालटते. जे मोजले जात नाही ते अस्तित्वातच नाही, ह्या समजुतीला अहवालाने दिलेले हे उत्तर आजही उपयोगी पडणारे आहे.

येथपर्यंत गुणांचा विचार झाला. पहिला दोष भाषेचा आहे, आणि तो अहवालाच्या गुणांतूनच उद्भवतो. साक्षी स्लेव्ही, डॉगरिब, चिपेवायन, लूशू आणि पश्चिम ध्रुवप्रदेशातील इनुइत लोकांच्या भाषेतही झाल्या. अहवालात मात्र त्या एकजिनसी इंग्रजीत उतरतात. मध्ये दुभाषी उभा आहे, ह्याची जाणीव वाचकास होत नाही. फोर्ट गुड होप येथे ऑगस्ट १९७५ मध्ये प्रमुख फ्रँक त्सेलेई यांनी वाहिनी-कंपनीच्या अध्यक्षांना उद्देशून केलेले भाषण पुढे वारंवार उद्धृत झाले; पण ते मुळातच इंग्रजीत होते. मातृभाषेत बोललेल्या वृद्धांच्या वाट्याला तसे भाग्य सहसा आले नाही. देने भाषांतील भूमिवाचक शब्दाची व्याप्ती इंग्रजी प्रतिशब्दाहून मोठी आहे. माती, पाणी, प्राणी आणि त्यांच्याशी असलेले माणसाचे नाते हे सर्व तिच्यात येते. इंग्रजी शब्द वापरताच ती भूमी मोजता येणारी, हस्तांतर करता येणारी मालमत्ता होते. मूळ शब्द निदान काही स्थळी तरी राखले असते, तर ‘मायभूमी’ ह्या कल्पनेस स्वतः साक्षीदारांचाच आधार मिळाला असता.

दुसरा दोष काळाचा आहे. सरहद्द व मायभूमी ह्या द्वंद्वाच्या आकर्षणामुळे गावातील माणूस एकतर शिकारी, नाहीतर मजूर असा दिसू लागतो. वस्तुतः एकच कुटुंब दोन्ही करीत असते; अहवालास हे ठाऊक आहे, पण त्याच्या भावनेचा ओघ एकाच काठाकडे वाहतो. पुढील इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. इनुविआलुइतांचा करार १९८४ मध्ये, ग्विचिनांचा १९९२ मध्ये आणि साहतू विभागाचा १९९३ मध्ये झाला. नॉर्मन वेल्सहून दक्षिणेस जाणारी तेलवाहिनी मात्र त्या दहा वर्षांच्या आतच, १९८५ मध्ये, चालू झाली. २००० साली आदिवासींचाच एक गट वायुवाहिनीत तिसरा हिस्सा मिळविण्यासाठी स्थापन झाला. डेचो विभागातील देने त्यापासून दूर राहिले. ही योजना २०१७ मध्ये कंपन्यांनीच सोडून दिली. ह्यावरून १९७५ ची साक्ष खोटी ठरत नाही. मालकी प्रस्थापित झाल्यावर होकार वा नकार देणे हे मालकाचे काम असते, एवढेच सिद्ध होते. आणि मालक सर्व एकमताचे असतील असेही नाही. बर्जर यांनी मागितलेला अवधी ह्याचसाठी होता. परंतु ज्यांनी त्यांचा अहवाल केवळ नकाराचे स्तोत्र म्हणून वाचला, त्यांच्या गैरसमजास त्याची शैलीही काही अंशी जबाबदार आहे.

बर्जर २०२१ मध्ये निवर्तले. वायव्य प्रदेशात आज ११ अधिकृत भाषा आहेत, आणि त्यांपैकी ९ आदिवासींच्या आहेत. १९७५ मध्ये ज्या भाषा दुभाष्याच्या तोंडून आयोगापर्यंत पोचल्या, त्यांना आता कायद्याचे स्थान आहे. त्या बोलणारी मुले किती उरतील, हा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नाही. लहान समाजाचा प्रतिनिधी होऊ पाहणाऱ्याने बर्जर यांच्यापासून ऐकण्याची रीत अवश्य घ्यावी. त्याबरोबरच, ऐकलेले लिहिताना ते कोणत्या भाषेत, कोणाच्या मुखातून आले, हेही त्याने लिहून ठेवावे. कारण उद्या त्या समाजाची मुले तो अहवाल उघडतील, तेव्हा त्यांना आपल्या आजोबांचे मत इंग्रजीत सापडेल. आजोबांचा शब्द सापडेलच असे नाही.