‘हिटटेस्टऑब्जेक्ट’ : संज्ञा आणि क्रिया

परस्परसंवादी चलच्चित्रांसाठी फ्लॅश ही प्रणाली दीर्घकाळ प्रचारात होती. २०२० च्या अखेरीस ॲडोबीने तिचे पाठबळ काढून घेतले. २००६ साली आलेल्या तिच्या ॲक्शनस्क्रिप्ट ३.० या आज्ञाभाषेत टक्कर ओळखण्यासाठी ‘हिटटेस्टऑब्जेक्ट’ ही संज्ञा योजिली आहे. तीवरून वस्तूचा वस्तूशी स्पर्श तपासला जातो, असा बोध होतो. प्रत्यक्षात तपासले जातात ते दोहोंना वेढणारे अदृश्य आयत. आकृती उभ्याआडव्या बाजूंच्या आयताची असेल तर हा भेद जाणवत नाही. तिरप्या रेषेच्या बाबतीत मात्र अर्थाचा अनर्थ होतो. ‘लाइनटू’ या आज्ञेने (०, ०) पासून (१००, १००) पर्यंत रेषा काढावी व ५ एकक त्रिज्येचा चेंडू (९०, १०) येथे ठेवावा. चेंडूचा मध्य रेषेपासून सुमारे ५७ एकक दूर. तरीही टक्कर झाल्याचेच उत्तर येते. ‘हिटटेस्टपॉइंट’ ही दुसरी आज्ञा खऱ्या आकृतीचा विचार करू शकते, परंतु एका बिंदूपुरताच. म्हणून जाणत्या आज्ञालेखकास मध्यापासून रेषाखंडाचे लघुतम अंतर स्वतः काढून ते त्रिज्येशी ताडून पाहावे लागे. आयतांची तपासणी शीघ्र होते, हा तिचा गुण निर्विवाद होय. दोष तपासणीचा नसून नामकरणाचा आहे : क्रिया जेवढी घडते, तेवढेच संज्ञेने सांगावे.